तुम्ही विचारलंत म्हणून: त्यात घडतं तरी काय?

माझ्या चित्रकलेच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एका काळ्या मांजराचं चित्र चिकटवलेलं आहे. गळ्यात लाल रुमाल बांधलेलं मांजर. रंगपेट्या काढायला कपाट उघडलं की कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, हे कोण?" मी सांगते, साकामोतो, एका जपानी कार्टून मालिकेतलं मांजर. मग पुढचा प्रश्न ठरलेला. मुलं विचारतात, स्टाफरूममधल्या मैत्रिणी विचारतात, गेल्या पालकसभेला एका आईंनीही विचारलं: "तुम्ही ती जपानी शाळेतल्या मुलांची कार्टून मालिका सारखी बघता म्हणे. माझा मुलगाही बघतो. मी दोन भाग पाहिले. त्यात काही घडतच नाही हो. घडतं तरी काय?"

तेव्हा मागे दहा पालक रांगेत उभे होते, म्हणून मी नुसतं हसले. पण प्रश्न मनापासून विचारलेला होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

मालिकेचं नाव 'निचिजोऊ'. जपानीत या शब्दाचा अर्थ रोजचं, नेहमीचं. केइइची आरावी यांची ही मांगा, म्हणजे चित्रकथा, 2006 सालच्या शेवटी 'शोनेन एस' मासिकात सुरू झाली. क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओनं 2011च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात तिची 26 भागांची मालिका केली. दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. तोकिसादामे नावाच्या काल्पनिक गावातल्या हायस्कुलात तिघी मैत्रिणी शिकतात. युक्को बडबडी, गृहपाठ विसरणारी. मिओ हळवी आणि पटकन चिडणारी. माइ जवळजवळ बोलतच नाही, लाकडातून बुद्धमूर्ती कोरत बसते आणि युक्कोला गंभीर चेहऱ्यानं छळते. पात्रांची आडनावं आयोइ, नागानोहारा, मिनाकामी अशी आहेत. गुन्मा प्रांतातल्या गावांची आणि रेल्वे स्टेशनांची ही नावं. ज्या वर्गाच्या हजेरीपटावर लोणंदकर आणि फलटणकर असतात, त्या वर्गाला यात नवल वाटायला नको.

मला ही मालिका माझ्या भाचीनं दाखवली, 2020च्या टाळेबंदीत. ती पुण्यात ॲनिमेशन शिकत होती आणि कॉलेज बंद म्हणून आमच्याकडे राहायला आली होती. "मावशी, फक्त दोन मिनिटं बघ," म्हणाली आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला.

मधली सुट्टी. युक्को डबा खातेय. डब्यात ऑक्टोपसच्या आकाराचं सॉसेज आहे. त्याला खालून चिरा देऊन तळलं की पाय वळतात, तिकडे मुलांच्या डब्यात ते हमखास असतं. तोंडाशी नेताना ते चॉपस्टिकमधून निसटतं. बस्स, एवढंच. पण त्या क्षणापासून पडदा बदलतो. वेळ लांबते, कॅमेरा तिच्याभोवती गरगर फिरतो, युक्को बाकावरून झेपावते, केस उडतात, बोटं ताणली जातात, सॉसेज हवेत गिरक्या घेतं. युद्धपटातल्या नायकासाठी जेवढी ताकद लावावी तेवढी सगळी ताकद त्या सॉसेजसाठी. पुढे काय होतं ते सांगत नाही, तुम्हीच बघा.

मी ती दोन मिनिटं सलग चार वेळा बघितली. भाचीला वाटलं मला गंमत वाटतेय. गंमत वाटत होतीच, पण मी मोजत होते.

एका सेकंदाला पडद्यावरून 24 चौकटी जातात. मालिकांमध्ये एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं. माणसं नुसती बोलत असतील तर तेवढीही नाहीत, अंग स्थिर आणि ओठ तेवढे हलतात. पैसा आणि वेळ असाच वाचवायचा, आणि वाचलेला सगळा मारामारीच्या, स्फोटाच्या प्रसंगावर ओतायचा, हा धंद्यातला हिशेब. इथे तो हिशेब कुणीतरी जाणूनबुजून उलटा मांडला होता. वळणाऱ्या शरीराचं प्रत्येक चित्र वेगळ्या कोनातून हातानं काढायचं म्हणजे काय, हे ज्यानं मुलांना साधी बसलेली मानवाकृती शिकवलीय त्याला कळेल. आठवीच्या मुलाला खांदा आणि कोपर यांचं नातं समजायला अख्खं वर्ष जातं. इथे खांदा, कोपर, मनगट आणि स्कर्टच्या चुण्या, सगळं एकाच वेळी वळतंय. कशासाठी? तर जमिनीवर पडू पाहणाऱ्या एका घासासाठी.

पंधराव्या वर्षी तो घास तेवढाच मोठा असतो. ही मालिका मला पटली ती इथे.

मिओचा एक प्रसंग आहे. युक्को गृहपाठ उतरवायला तिची वही मागते, मिओ देते, आणि मग तिला आठवतं की त्या वहीत एका पानावर आपण आपल्या आवडत्या मुलाचं चित्र काढलंय. कुणालाही दाखवता येणार नाही असं चित्र. ती वही परत मिळवण्यासाठी मिओ जे काही करते, जशी पळते, जशी झगडते, ते जिवावर बेतल्यासारखं रंगवलं आहे. माझी भाची पोट धरून हसत होती. मी हसता हसता थांबले.

काही वर्षांपूर्वी मी शिकवत होते त्या वर्गात एका मुलानं नववीतल्या मुलीची रफ वही ओढली. मागच्या पानांवर तिनं वर्गातल्याच एका मुलाचं चित्र काढलं होतं. वही बाकाबाकांवरून फिरली, मुलं किंचाळली, आणि शेवटी ती माझ्या हातात आली. चित्र चांगलं होतं. मान किंचित वळवून कुणाकडे तरी बघणारा मुलगा. कानामागून खांद्यापर्यंत जाणारी रेषा तिनं एका दमात ओढली होती, खोडरबराची खूण नाही. मी वही मिटून तिला परत दिली आणि म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला रडायचं काय त्यात? बस खाली." चित्राबद्दल एक शब्द बोलले नाही. त्या वर्षी तिनं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचा फॉर्म भरला नाही. मी कारण विचारलं तेव्हा "वेळ नाही बाई" म्हणाली.

'एवढ्याशा गोष्टीला.' मिओला पळताना बघून मला माझं हे वाक्य ऐकू आलं. त्या मुलीला ती गोष्ट एवढीशी नव्हती. तिच्या अंगात त्या वेळी काय चाललं असेल, ते या मालिकेतल्या चित्रकारांना ठाऊक होतं, आणि रोज तिच्यासमोर उभी राहणारी मी मात्र ते विसरले होते.

त्या आईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे आहे. घडतं ते मुलांच्या मापानं घडतं. आपल्या मापानं बघितलं तर एक वही हरवली आणि सापडली.

सगळंच मला सारखं आवडतं असं नाही. एक मुलगी लाजली की तोफा काढून आवडत्या मुलावर झाडते, तो विनोद मला दोन-तीनदा पाहून पुरे झाला. शब्दांवरच्या कोट्या उपशीर्षकांत निम्म्या गळून जातात, त्यालाही इलाज नाही. पण दोन प्रसंगांच्या मध्ये काही सेकंद नुसतं गाव दिसतं: विजेच्या तारा, रिकामा रस्ता, रेल्वेचं फाटक, दूरवरचा आवाज. कथेशी संबंध नाही. दुपारच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलाला जे दिसतं ते. मला ते तुकडे फार प्रिय आहेत, आणि ते पुढे ढकलून बघणाऱ्या भाचीशी माझं यावरून भांडणही झालेलं आहे. मुलांनी बघावं का असं विचारत असाल, तर एवढं सांगते की 2012च्या सुरुवातीला तिकडच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं आपल्या शैक्षणिक वाहिनीवर या मालिकेची 12 भागांत केलेली नवी जुळणी दाखवली होती.

आता दुसरं निम्मं, आणि ते मला जास्त जड जातं.

मालिका संपल्यावर मी भाचीला विचारलं, हे चेहरे कुणी ठरवले? मांगातली आरावींची पात्रं गोल डोक्यांची, बुटकी, थोडक्या रेषांची. ती हलवायची तर आधी कुणीतरी प्रत्येकाचा तक्ता करावा लागतो: समोरून, बाजूनं, पाठीमागून, हसताना, रडताना, डोकं केवढं, अंग केवढं. मग त्या तक्त्यावरून कितीतरी हात तोच चेहरा काढतात आणि युक्को कुणीही काढली तरी युक्कोच दिसते. हे काम फुतोशी निशिया यांनी केलं होतं. भाची थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनं सांगितलं. 18 जुलै 2019 रोजी क्योतोच्या फुशिमी भागातल्या या स्टुडिओत एका माणसानं पेट्रोल ओतून आग लावली. 36 जण गेले. त्यांत निशियाही होते.

मी ते सगळे भाग, ती सगळी हसू आणणारी तोंडं, हे माहीत नसताना बघितली होती.

या स्टुडिओची सुरुवात 1981 सालची. योको हात्ता नावाच्या बाईंनी तोक्योत ॲनिमेशनच्या स्टुडिओत काम केलेलं होतं. लग्नानंतर क्योतोकडे आल्यावर त्यांनी शेजारपाजारच्या गृहिणींना हाताशी धरलं आणि चित्रांच्या पारदर्शक पट्ट्या रंगवून द्यायचं काम सुरू केलं. वाचताना मला गिरगावातल्या गच्चीवर पापड लाटायला बसलेल्या लिज्जतच्या त्या सात जणी आठवल्या. पुढे स्टुडिओ मोठा झाला तरी लोकांना पगारावर ठेवायची त्यांची पद्धत राहिली. जपानात ॲनिमेशनचे बरेच चित्रकार चित्रामागे पैसे घेऊन सुटं काम करतात. ज्याला चित्रामागे पैसे मिळतात तो सॉसेजच्या गिरकीवर आठवडा घालवू शकत नाही, त्याचं घर चालणार नाही. पगार आहे, शेजारी शिकवायला अनुभवी माणूस आहे, उद्याही याच टेबलाशी बसायचं आहे, म्हणून तो थांबतो आणि कोपर पुन्हा काढतो. त्या इमारतीत जे जळलं त्यात हे थांबणंही होतं असं मला बरेच दिवस वाटत राहिलं. 2025च्या जुलैत त्याच स्टुडिओनं आरावींच्याच दुसऱ्या मांगावर, 'सिटी'वर, मालिका आणली. पहिला भाग मी आणि भाचीनं व्हिडिओ कॉल लावून एकत्र बघितला. गर्दीतल्या मागच्या माणसांचेही हात हलत होते.

आता साकामोतोचं घर सांगायचं राहिलं. तिथे आठ वर्षांची एक चिमुरडी शास्त्रज्ञ राहते, सगळे तिला हाकासे म्हणजे प्राध्यापक म्हणतात. मांजराला बोलता येतं ते तिनं बांधलेल्या लाल रुमालामुळे. आणि तिनं बनवलेली यंत्रमुलगी आहे, नानो. स्वयंपाक, धुणं, हाकासेचे हट्ट, सगळं नानोच सांभाळते. तिला शाळेत जायचं आहे. पण तिच्या पाठीवर एक भलीमोठी किल्ली आहे, खेळण्याला असते तशी, आणि आपण साध्या मुलीसारख्या दिसत नाही हे तिला खुपत राहतं. शिवाय हाकासे तिला न विचारता तिच्या अंगात काहीबाही बसवून ठेवते; एकदा तर हात उघडून केकचा रोल बाहेर येतो. निम्मी मालिका सरल्यावर ती शाळेत जाते. तिथून पुढे भागांच्या शेवटी जपानी शाळांमधून वर्षानुवर्षं गायली जाणारी समूहगीतं वाजतात. त्या मुलांच्या वयाचं आपलं अंग आठवून बघा. आपल्याला न विचारता त्यात काय काय येत होतं, आणि ते सगळ्यांना दिसतंय असं वाटत होतं.

माझ्या आताच्या आठवीत एक मुलगी वर्गात सगळ्यांत उंच आहे. वर्गाच्या फोटोत ती गुडघे वाकवून उभी आहे. फोटोत गुडघे दिसत नाहीत, पण तिच्या खांद्यांवरून मला कळतं.

या वर्षी पावसाळ्यात मी वर्गाला तो सॉसेजचा प्रसंग दाखवला. नंतर स्मरणचित्राला विषय दिला: आज मधल्या सुट्टीत घडलेली सगळ्यांत छोटी गोष्ट, पण कागद पूर्ण भरला पाहिजे. नेहमी 'बाजार', 'सर्कस', 'पावसातला दिवस' असे विषय असतात. मुलं पाच मिनिटं गोंधळली आणि मग कामाला लागली. एकानं पेन्सिलीचं टोक तुटतानाचं चित्र काढलं, शिसाचे कण दगडांसारखे उडालेले. एकीनं गटाराच्या जाळीत पडणारी चिंच काढली आणि तिच्यामागे वरून आलेले सहा हात. एकानं नुसती नळाची तोटी काढली, तिच्या खाली रांगेतली तोंडं.

उंच मुलीनं कागद सगळ्यांत शेवटी दिला. त्यावर बाक होता, खालून बघितलेला, आणि त्याखाली न मावणारे दोन गुडघे. पूर्ण कागदभर. उजव्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण होती आणि तिची छाया तिनं बोटानं घासून बरोबर आणली होती. मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ही छाया कशी केलीस? मला दाखव."