डिंभे ते आहुपे: पडकईच्या रानातून

घोडेगाव मागे पडलं की डिंभे धरणाचं पाणी रस्त्याच्या सोबतीला येतं आणि समोरच्या उतारांवर भातखाचरांच्या पायऱ्या दिसू लागतात. पावसाळ्यात इथे गाड्या थांबवून फोटो काढणारे खूप. त्यांना हा सगळा निसर्ग वाटतो. खरं तर यातली प्रत्येक पायरी कुणीतरी पहारीने, टिकावाने पाडलेली आहे.

आंबेगाव तालुक्याच्या या पश्चिम भागात महादेव कोळ्यांची वस्ती आहे. डोंगर फोडून खाचरं करण्याच्या कामाला इथे पडकई म्हणतात. पूर्वी चार-सहा घरं मिळून ते करायची, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. वरच्या उतारांवर नाचणी आणि वरई, बांधाला हिरड्याची झाडं. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, विकून घरात चार पैसे येतात, म्हणून हिरड्यावर सहसा कुणी कुऱ्हाड चालवत नाही.

एका ढासळलेल्या तालीचे, म्हणजे खाचराच्या दगडी बांधाचे, दगड पुन्हा लावणाऱ्या बाबांशी बोलत बसले. ते म्हणाले, "ताई, ताल कोरडीच रचायची. पाणी फटींतून निघून गेलं पायजे. कोंडलं तर समदं घेऊन जातंय. आन् व्हळाच्या वाटंत खाचर पाडायचं नाय."

हे ऐकून पुढे माळीणला गेले. 30 जुलै 2014 च्या सकाळी इथे डोंगराचा कडा खचून गावावर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. बातमी पहिल्यांदा बाहेर कळवली ती एसटीच्या चालकाने, कारण नेहमीच्या जागी त्याला गावच दिसेना. पाऊस प्रचंड होता हे खरंच. पण खडकावर मऊ माती-मुरमाचा जाड थर, तीव्र उतार, आणि त्यावर केलेलं सपाटीकरण. पाणी वाहून जाण्याऐवजी आत मुरत राहिलं, थर जड झाला आणि खालच्या खडकावरून सुटला. यंत्राने केलेल्या पडकईबद्दल तेव्हा बराच वाद झाला. एकट्या यंत्राला दोष देणं मला पटत नाही. मात्र पहारीने एक खाचर पाडायला जो हंगाम जायचा, तेवढ्यात माणसाला पाण्याची वाट कळायची. पोकलेन ते काम दिवसभरात उरकतो आणि पाऊस बघायला थांबत नाही.

आमडे इथलं नवं माळीण 2017 मध्ये वसवलं. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले, जमिनीला भेगा पडल्या. तिथेही उतार कापून, भराव टाकून जागा सपाट केली होती. इतकं सोसलेल्या माणसांवर पुन्हा ती धास्ती यावी, याचा मला आजही संताप येतो.

आहुपे अगदी सह्याद्रीच्या कडेला आहे. तिथून जमीन सरळ कोकणात कोसळते. गावची देवराई पाहताना डोळे निवतात. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात पायाखाली पाचोळ्याचा जाड थर असतो. पावसाचा थेंब थेट मातीवर आदळत नाही, मुळं माती धरून ठेवतात. देवराई आणि खाचरं, दोन्ही माणसांनीच ठरवून राखलेली.

परतताना एका वळणावर ताजी लाल माती दिसली. फार्महाऊसच्या प्लॉटसाठी डोंगराचा पाय उभा कापला होता. वरून येणारा ओहोळ भरावाखाली गाडला होता आणि त्याच्यासाठी साधी मोरीसुद्धा ठेवली नव्हती. खाली, त्याच ओहोळाच्या रेषेत, सात-आठ घरं होती.