आठ टेस्लानंतर

युरेनियमवर काम करते म्हटलं की लोक आधी किरणोत्साराचंच विचारतात. आमच्याकडे असतं ते डिप्लिटेड, म्हणजे कमी किरणोत्सारी युरेनियम. हातमोजे घालायचे, कापताना उडालेली भुकटी नीट गोळा करायची, की झालं. खरा जीव खाते ती दिशा.

त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या अतिशीत फ्रिजमध्ये युरेनियम-ऱ्होडियम-जर्मेनियमचा स्फटिक होता. ९.५ केल्विनखाली (केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश) तो फेरोमॅग्नेट, म्हणजे लोखंडासारखा चुंबक होतो आणि पाव केल्विनच्या आसपास, चुंबकत्व न सोडता, अतिवाहकही होतो, म्हणजे वीज विनारोध वाहू देतो. एरवी या दोन गुणांचं हाडवैर. इथे ते एकत्र नांदतात हे २००१ साली कळलं. स्फटिकाच्या ए, बी, सी या तीन अक्षांपैकी त्याचं चुंबकत्व सी-अक्षावर असतं. आम्हाला बाहेरून चुंबकीय फील्ड लावायचं होतं बरोबर त्याच्या काटकोनात, बी-अक्षावर. एक्स-रेने अक्ष ओळखून स्फटिक एपॉक्सीने घट्ट चिकटवला होता, कारण मोठ्या फील्डमध्ये तो स्वतःच वळू बघतो. नुसत्या ग्रीसवर भागत नाही.

फील्ड सावकाश वाढवत नेलं. दोन टेस्लाच्या (टेस्ला हे फील्डचं एकक) आसपास शून्यावरचा विद्युतरोध उसळला आणि अतिवाहकता गेली. पुढे नुसती सपाट रेघ. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, आता बंद करू या का?" मी म्हटलं, "बस जरा."

आठच्या पुढे रेघ खाली झुकली आणि बघता बघता शून्यावर टेकली. अतिवाहकता परत आली होती. हा प्रकार २००५ सालापासून माहीत आहे, पण स्वतःच्या स्फटिकात बघताना मी खुर्चीतून उठलेच. बारा टेस्लाजवळ चुंबकत्व सी-अक्ष सोडून बी-अक्षाकडे वळतं. त्या वळणाआधी ते डळमळतं, आणि ही डळमळच इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बांधते असं मानलं जातं. जोडीतले दोन्ही स्पिन (इलेक्ट्रॉनांचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व) एकाच दिशेचे असावेत, म्हणून फील्ड त्यांना सहजी फोडत नाही. तेराच्या पुढे रोध परत आला.

मग गंमत म्हणून (गंमत कसली, तेच तर मोजायचं होतं) स्फटिक फिरवणारा रोटेटर सी-अक्षाकडे थोडा कलवला. काही अंशांतच रेघेतली ती दरी उथळ झाली, मग दिसेनाशी. ए-अक्षाकडे कलवल्यावर मात्र ती टिकून राहिली, फक्त दर वेळी आणखी फील्ड मागत सरकत गेली. आमचा मॅग्नेट सोळा टेस्लाला थांबतो, त्यामुळे त्या बाजूचा पाठलाग अर्ध्यावर सोडावा लागला. विद्यार्थी तोवर पुढच्या कोनांचा तक्ता करायला बसला होता.