आमची वाटचाल: खाटेची नवार ते कमरेचा पट्टा

कोल्हापुरात सुभाषनगरातल्या आमच्या घरी पट्टा हा प्रकारच नव्हता. व्हायच्या त्या चपला. आप्पा धोतर नेसायचे आणि मी चौथीपर्यंत चड्डी करगोट्यात खोचून शाळेत जायचो. धारावीतल्या एका कारखान्यात पट्ट्याच्या कामाला लागलो तेव्हा चामडं तासायची रापी हातात बसलेली होती, पण बक्कल कुठल्या बाजूला येतं ते ठाऊक नव्हतं.

तिथेच अमेरिकेचं सॅम्पल पहिल्यांदा पाहिलं. जाड विणीची निळी पट्टी, मधून लाल रेघ, दोन्ही टोकांना तपकिरी चामडं. नाव सर्सिंगल. मूळ शब्द घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचा. म्हणजे आपला तंगच म्हणा. तिकडच्या पैसेवाल्या घरांतली मुलं खासगी शाळांतून प्रिन्स्टन, येल विद्यापीठांत जायची. घोडे, शिडाच्या होड्या, टेनिस यांतून त्यांचा जो पेहराव घडला तो प्रेपी: खाकी चिनो म्हणजे सुती पँट, कॉलरला बटणं असलेला ऑक्सफर्ड शर्ट, लोफर म्हणजे बिननाडीचे बूट आणि असला पट्टा. सुट्टीत तो आप्पांना दाखवला. म्हणाले, "ही तर खाटेची नवार. कमरेला बांधायला पैसे देतात व्हय?"

देतात. आणि लोकांना वाटतं तसा कापडी पट्टा सोपाही नसतो. सगळी मेख टोकाच्या चामड्यात असते. ते दुमडून पट्टीवर बसवायचं तर कड आधी रापीनं पापुद्र्याइतकी तासावी लागते. जाड राहिली की तिथे गाठ येते आणि पट्टा पँटच्या लूपमध्ये अडकतो. जास्त तासली तर शिलाईच फाटते. माझे पहिले दोनेक महिने नुसते यातच गेले.

पुढे कोल्हापुरात परतून एक मशीन आणि एका खोलीवर स्वतःचं काम सुरू केलं. आधी चामड्याचेच पट्टे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं आपल्याकडचं कातडं सुरुवातीला लाकडासारखं ताठ, पण सहा महिने वापरलं की नेसणाऱ्याच्या कमरेचा बाक घेतं. 2015 च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर राज्यात बैलाचं कातडं मिळेना, तेव्हापासून सगळं काम म्हशीच्या कातड्यावर. मध्यंतरी स्वस्ताईच्या मोहात चामड्याचा भुगा दाबून केलेला माल घेतला होता. वर्षभरात भोकांपाशी पोपडे सुटले. तो माल आता आमच्या दारात येत नाही.

कापडात मात्र खरा फटका बसला तो मद्रासचा. चेन्नईकडचं हे चौकड्यांचं सुती कापड प्रेपी लोकांचं लाडकं. जुनं मद्रास धुतलं की रंग सोडायचं, आणि अमेरिकेत तोच त्याचा गुण म्हणून खपला. मला ते कौतुक वाटलं. तसल्याच कच्च्या रंगाच्या कापडाचे बक्कलऐवजी दोन कड्या लावलेले पट्टे केले आणि ऐन जूनमध्ये विकले. पुण्याचं एक गिऱ्हाईक भिजलं. फिक्या पँटवर कमरेभोवती गुलाबी कडं! पट्ट्याचे पैसे दिलेच, पँटचेही दिले. आता प्रत्येक तागा आधी ओल्या पांढऱ्या पंचावर घासून बघतो.

कुठला घ्यावा, हे रोज विचारतात. चिनोवर किंवा अर्ध्या पँटवर, शर्ट खोचून, कापडी घ्या. रुंदी सव्वा इंच. दीड इंची जीन्सला ठीक, चिनोवर तो बोजड दिसतो. कापडी पट्टा रंगीत असेल तर शर्ट साधा. पायात मोकासिन किंवा बोट शूज, म्हणजे मऊ चामड्याचे सपाट बूट, असले की तपकिरी चामड्याचा, बक्कल पितळी आणि लहान. भलंमोठं नाव कोरलेलं बक्कल मागू नका, आम्ही करत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, तेव्हा चार महिने कापडीच बरा.

माप सांगताना पँटचा नंबर सांगू नका. पँट 34 असेल तर पट्टा बहुतेक 36 लागतो. जुना पट्टा जमिनीवर पसरा, बक्कलच्या दांडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोजा आणि तेवढं कळवा.

गेल्या वर्षी निळ्या-लाल पट्टीचा एक रोल विणीत वाकडा आला. विणणाऱ्यानं परत घेतला नाही. त्याच पट्टीनं आप्पांची खाट विणली. दुपारी त्यावर आडवे होताना म्हणाले, "बघ, बसली का नाही आपल्या जागी?"