म्युनिक गाळून जर्मनी

म्युनिक पाहिलं नाही. आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतोय. नॉयश्वानस्टाइनचा तो कॅलेंडरवरचा राजवाडाही नाही, हॅम्बुर्गही नाही.

सुट्टी आठवड्याच्या थोडी पुढे जाणारी, सोबत आई. वय सत्तरीपार, गुडघे कुरकुरणारे, हौस माझ्या दुप्पट. नातेवाईक आणि मैत्रिणींनी सुचवलेली शहरं एकाखाली एक लिहून काढली तर फ्रँकफर्ट, कोलोन, हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन, हायडेलबर्ग, म्युनिक, बर्लिन अशी वरात झाली. एकेक शहर चांगलंच आहे, पण सगळी एका सुट्टीत कोंबली की रोज सकाळी बॅगा भरा आणि रोज संध्याकाळी उघडा.

मग शहरांची यादी बाजूला ठेवली आणि रेल्वेचा नकाशा उघडला. फ्रँकफर्टला उतरायचं, बर्लिनहून परतीचं विमान पकडायचं आणि मधे आल्या वाटेने मागे फिरायचं नाही. तसं पाहिलं तर कोलोनही वाकडी वाट आहे, न्यूरेंबर्गला जाताना फ्रँकफर्ट पुन्हा लागतंच. पण ऱ्हाइनसाठी तेवढं चालवून घेतलं. त्या राजवाड्याचं गणित मात्र काही केल्या बसेना. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत दोन तास रेल्वे, पुढे बस, मग चढ आणि आत जायला ठरलेल्या वेळेचंच तिकीट. आख्खा दिवस त्यातच जातो. राजवाडा नाही तर एवढं दक्षिणेला उतरायचं कशाला? अशी म्युनिकवर फुली पडली.

फ्रँकफर्ट ते कोलोन दोन वाटा आहेत. २००२ साली झालेल्या नव्या मार्गावर गाडी ताशी ३०० किलोमीटरने पळते आणि तासाभरात पोचवते. जुनी वाट माइन्त्सवरून ऱ्हाइनच्या काठाकाठाने जाते, तिला तीन-साडेतीन तास लागतात. आम्ही जुनी धरली. विमानतळाच्या पोटातल्याच स्टेशनवरून लोकल पकडून माइन्त्स, आणि तिथून सगळीकडे थांबणारी पॅसेंजर. उजव्या हाताची खिडकी मिळवा, एवढं एकच सांगणं आहे. नदी त्या बाजूला आहे. बिंगेनपासून कोब्लेन्त्सपर्यंतचं ६५ किलोमीटरचं खोरं जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण डोळा आधी जातो तो नदीतल्या वाहतुकीवर. कोळसा, खडी, कंटेनर लादलेले लांबलचक पडाव प्रवाहाविरुद्ध इतके सावकाश चढतात की जागचे हलतच नाहीत असं वाटतं. काठावर पांढऱ्या पाट्यांवर नदीचे किलोमीटर मोठ्या आकड्यांत लिहिलेत, हमरस्त्यावर असावेत तसे. काउबसमोर तर नदीच्या मधोमध बेटावर एक किल्ला बसलाय. जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींकडून जकात घ्यायला बांधलेला. आई म्हणाली, "म्हणजे टोलनाकाच की गं हा!" पुढे लोरेलायचा कडा समोरच्या काठावर येतो. त्याच्या दंतकथा फार मोठ्या, कडा मात्र आपल्या सह्याद्रीवाल्यांना बेताचाच वाटतो.

कोलोनला स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथेड्रल अंगावरच येतं. १२४८ मध्ये पाया घातला आणि काम संपलं १८८० मध्ये. मधली काही शतकं ते अर्धवटच उभं होतं. उंची १५७ मीटर. दक्षिणेच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, त्या मी एकटीने चढले. आई खाली बाकावर बसून माणसं बघत होती. संध्याकाळी एका जुन्या बिअरघरात गेलो. इथली क्योल्श बिअर २०० मिलिलिटरच्या सडपातळ ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे झालं की तोच पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. बिल म्हणजे त्या रेघा. आईने सफरचंदाचा रस घातलेला सोडा घेतला आणि सोबत बटाट्याचे रायबेकुखन, म्हणजे उपासाच्या थालीपिठासारखंच काहीतरी, पण वर सफरचंदाचा गोड गर. "मिरची घातली असती तर बिघडलं असतं का यांचं?" असं म्हणत तिने तिन्ही संपवले.

तिकिटांचं थोडं. स्वस्त तिकीट आधी काढलं तर ते त्याच गाडीला बांधलेलं असतं, मनात आलं म्हणून पुढच्या गाडीत बसता येत नाही. मात्र तिकीट काढतानाच मधलं स्टेशन आणि तिथे किती तास थांबायचं हे घालता येतं. आम्ही न्यूरेंबर्ग-बर्लिन तिकिटात लाइपझिग असंच घातलं. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकल्या आणि दुपारभर मोकळ्या हातांनी हिंडलो. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालेल्या डॉइचलांड-टिकिटाचं, म्हणजे देशभरच्या साध्या गाड्यांत चालणाऱ्या महिन्याच्या पासाचं, कौतुक खूप ऐकलं होतं. ते नंतर महागलं. शिवाय लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही, त्यामुळे असल्या लांब उड्यांना त्याचा उपयोग नाही. आणि जर्मन वक्तशीरपणावर फार विसंबू नका. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ धरून. गाडी बदलायची असेल तर मधे तासभर तरी ठेवा.

न्यूरेंबर्ग माझ्या हट्टाने आलं. ७ डिसेंबर १८३५ ला जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी इथून शेजारच्या फ्युर्टला गेली, जेमतेम सहा किलोमीटर. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, म्हणजे अठराच वर्षांनी धाकटी, आणि अंतर पाचपटीहून जास्त. रेल्वे संग्रहालयात त्या 'आडलर' इंजिनाची प्रतिकृती आहे. मूळ इंजिन इंग्लंडात स्टीफन्सनच्या कारखान्यात बनलेलं, चालवणाराही इंग्रजच. पुढल्या वर्षी या मार्गावरून पहिला माल गेला तो बिअरची दोन पिंपं. दुसऱ्या दिवशी मेट्रोने बेरेनशान्त्सेला उतरून न्यायालयाचं दालन क्रमांक ६०० पाहिलं, जिथे नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. खोली मला वाटली होती त्यापेक्षा पुष्कळ लहान निघाली.

लाइपझिगला संगीतकार बाखची कबर आणि पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्धच्या १९८९ च्या मोर्चांचं निकोलाय चर्च, एवढंच झालं.

बर्लिनला सर्वांत जास्त मुक्काम ठेवला होता. भिंत, ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संग्रहालयं यांच्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. आईला जायचं होतं डालेम या उपनगरात. आयुष्यभर समाजशास्त्र शिकवलेली ती, इरावती कर्वे ज्या संस्थेत शिकल्या ती वास्तू पाहिल्याशिवाय परतणार नव्हती. यू-३ मेट्रोने फ्राय युनिव्हर्सिटेट स्टेशन, तिथून चालत इनेश्ट्रासे २२. साधी जुनी इमारत आहे, आता विद्यापीठाकडे. इरावतीबाई १९२८ मध्ये इथे मानववंशशास्त्राच्या संस्थेत आल्या. प्रमुख ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या मतांचे. गोरे श्रेष्ठ आणि ते कवटीच्या ठेवणीत दिसतं, हे त्यांचं गृहीतक तपासायला बाईंच्या हाती कवट्या दिल्या होत्या. मापं घेऊन बाईंनी लिहिलं की गृहीतकाला आधार मिळत नाही. तरीही १९३० मध्ये डॉक्टरेट पदरात पडली. दाराजवळ १९८८ साली लावलेला फलक आहे. पुढे नाझी काळात या संस्थेने काय केलं, आउशवित्झच्या छळछावणीशी तिचा काय संबंध होता, ते त्यावर आहे. मी अडखळत वाचत अर्थ सांगितला. आईने दोनदा सांगायला लावला. मग म्हणाली, "परक्या देशात, पंचविशीच्या आत, गाइडलाच चूक ठरवायचं! आमच्या विद्यार्थिनी साधा विषय बदलून मागायला घाबरायच्या."

पुढच्या खेपेसाठी तिने उत्तरेकडची रेषा आखून ठेवली आहे: हॅम्बुर्गला मुक्काम, एक दिवस ल्युबेक, एक दिवस ब्रेमेन. ब्रेमेनचं पुण्याशी जुनं मैत्रीचं नातं आहे, हे कारण तिला पुरतं. मला त्यात दुसराच फायदा दिसतो. हॅम्बुर्गहून ल्युबेक पाऊण तासावर, ब्रेमेन तासा-सव्वातासावर, आणि दोन्हीकडे साध्या गाड्या भरपूर. तिथे डॉइचलांड-टिकीट वसूल होईल, फक्त ते महिन्याच्या वर्गणीचं असल्याने दहा तारखेच्या आत रद्द करायची आठवण ठेवावी लागेल.