दिव्याच्या बटणाला किती ओहम?

गेल्या पावसाळ्यात मी कामाच्या टेबलासाठी एक पेटी बांधली. आत 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि वरच्या पत्र्यावर पाच बटणे: टेबलावरची एलईडी पट्टी, सोल्डरचा धूर ओढणारा पंखा, रेडिओ, मोबाइल चार्जर आणि एक रिले (तारेच्या कॉइलमधून प्रवाह गेला की चालू होणारा विजेचा स्विच). बटणे 16 मिलिमीटरच्या भोकात बसणारी, धातूची, तोंडाभोवती उजळणारे कडे असलेली निवडली. पेटीचे बाकीचे काम दोन रविवारांत उरकले, पण बटणांच्या या पाच दिव्यांना कोणते रेझिस्टर (प्रवाह आवरणारे भाग, ज्यांचे माप ओहम) लावायचे हे नीट ठरायला महिना गेला, आणि तो महिना मला आजही वाया गेल्यासारखा वाटत नाही.

सुरुवात नुकसानीने झाली. बटणे घेताना दुकानात मला सांगितले गेले की ती 12 व्होल्टचीच आहेत, थेट जोडा. मी पहिले निळे बटण थेट जोडले. कडे क्षणभर डोळे दिपतील इतके पांढरट उजळले आणि कायमचे विझले. त्या बटणात नुसता एलईडी होता, आत रेझिस्टर नव्हता. बटणाच्या अंगावर जे '3 अँपिअर, 250 व्होल्ट' असे छापलेले असते, ते आतल्या संपर्कांची क्षमता सांगते. दिव्याचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. दिव्याचा आकडा वेगळा दिलेला असेल तरच तो धरावा, आणि दिलेला असला तरी एकदा मोजून पाहावा.

मोजण्याची माझी रीत साधी आहे. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यायची, तिच्या प्लसपासून 1 किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर बटणाच्या दिव्याची दोन टर्मिनले अशी एकसर जोडणी करायची. दिवा लागला नाही तर तारांची अदलाबदल करायची. मध्ये हजार ओहम असल्यामुळे क्षणभराच्या उलट जोडणीने सहसा बिघडत नाही. मग मल्टिमीटरने त्या रेझिस्टरवरचा दाब (व्होल्टेज) मोजायचा. हजार ओहमवर जितके व्होल्ट दिसतील, तितकेच मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतो, त्यामुळे मीटर दुसऱ्या रेंजवर न्यावा लागत नाही. यानंतर बटणाच्या टर्मिनलांवरचा दाब पाहायचा. तो लाल दिव्याला सुमारे 2 किंवा निळ्या-पांढऱ्याला सुमारे 3 व्होल्ट भरला, तर आत नुसता एलईडी आहे. त्याहून बराच जास्त भरला, तर आत रेझिस्टर दडलेला आहे.

माझ्याकडच्या लाल बटणाचेच उदाहरण देतो. रेझिस्टरवर 3.2 व्होल्ट, म्हणजे 3.2 मिलिअँपिअर, बटणावर 5.8 व्होल्ट. लाल एलईडीचे 1.9 व्होल्ट वजा केले की 3.9 उरतात, आणि 3.9 भागिले 3.2 म्हणजे आत साधारण 1.2 किलो-ओहम बसवलेले आहेत. एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आलेल्या पाच बटणांपैकी दोन लाल बटणांत रेझिस्टर होता आणि उरलेल्या तिघांत नव्हता. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर हे इतके स्वच्छ कळत नाही, कारण अनेक मीटरांचा तपासणीचा दाब निळा एलईडी उजळवायला पुरत नाही आणि चांगला दिवाही मेलेला वाटतो.

रेझिस्टर काढायचे सूत्र सर्वांना पाठ असते: सप्लायच्या दाबातून एलईडीचा दाब वजा करायचा आणि हव्या त्या प्रवाहाने भागायचे. घोटाळा होतो तो 'हवा तो प्रवाह' या शब्दांत. जुन्या सवयीने आपण तिथे 20 मिलिअँपिअर लिहितो. त्या आकड्याला साधा 5 मिलिमीटरचा एलईडी सतत चालवता येतो हे खरे, पण बटणाचा दिवा खोली उजळवण्यासाठी नसतो. तो हाताला जागा दाखवतो आणि काय चालू आहे ते सांगतो. रात्री दोन फुटांवरून त्याच्याकडे पाहायचे असेल तर हल्लीच्या एलईडींना 2 ते 3 मिलिअँपिअर भरपूर होतात. हिरव्या रंगाला आपला डोळा सर्वांत संवेदनशील असल्यामुळे माझे हिरवे बटण 10 किलो-ओहमवर, म्हणजे जेमतेम 1 मिलिअँपिअरवर चालते आणि तरी ते ठळक दिसते. नव्या निळ्याला 4.7 किलो-ओहम लावले. लाल बटणांत आधीच 1.2 होते, त्यांना बाहेरून 2.2 जोडले. कागदावर तिन्ही रंगांचे प्रवाह वेगवेगळे दिसतात, पण पत्र्यावर ते एका तेजाचे भासतात, आणि मला तेच हवे होते. त्यासाठी मी एका संध्याकाळी खोलीतला मोठा दिवा मालवून, 1 पासून 10 किलो-ओहमपर्यंतचे रेझिस्टर ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या फळ्यावर) एकामागून एक लावून पाहिले. हा निर्णय शेवटी सूत्राने नव्हे, डोळ्यानेच करावा असे माझे ठाम मत आहे; सूत्र फक्त कमाल मर्यादा सांगते.

ती मर्यादा काढताना मात्र सप्लायचा खरा दाब धरावा. '12 व्होल्ट'ची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना 14.4 व्होल्टपर्यंत जाते, गाडीतही इंजिन चालू असताना दाब त्याच सुमाराला असतो. 24 व्होल्टवर काम असेल तर उष्णतेचाही हिशेब करावा: लाल एलईडीला 10 मिलिअँपिअर दिले तर 22 व्होल्ट रेझिस्टरवर पडून 0.22 वॅट उष्णता होते आणि पाव वॅटचा रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. तिथे 4.7 किलो-ओहम लावावे, उष्णता निम्म्याहून खाली येते. याच्या उलट टोकाला 3.3 व्होल्टचे मायक्रोकंट्रोलर (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिप) आहेत. निळ्या एलईडीसाठी तिथे रेझिस्टरच्या वाट्याला 0.3 व्होल्टच उरतात, आणि एलईडीगणिक दाबात थोडा फरक पडला तरी प्रवाह कितीतरी पटींनी बदलतो. अशा वेळी दिवा 5 व्होल्टवर ठेवून तो बीसी 547 सारख्या ट्रान्झिस्टरने (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह हाताळणाऱ्या भागाने) चालू-बंद करणे बरे. 230 व्होल्टवर मात्र यातले काहीही करू नये. पाव वॅटचे रेझिस्टर सहसा तेवढ्या दाबासाठी बनवलेलेच नसतात, कारण घरच्या विजेचा शिखर दाब सुमारे 325 व्होल्ट असतो. तिथे निऑन दिव्याचे तयार बटण आणावे.

जागा आणि तारा वाचवण्यासाठी सर्व दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह होतो. मी आत रेझिस्टर नसलेल्या दिव्यांवर तसे करून पाहिले. लाल आणि निळा एकत्र चालू केले की फक्त लाल पेटत असे, कारण त्याने दाब 2 व्होल्टच्या आसपास धरून ठेवल्यावर निळ्याला लागणारे 3 व्होल्ट कधी मिळतच नाहीत. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर हवाच. तो प्लसच्या बाजूला लावा किंवा मायनसच्या, फरक पडत नाही, कारण एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे एकच असतो. मी तो मायनसच्या टर्मिनलपाशी लावतो: रेझिस्टरचा पाय आखूड कापायचा, श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) आधी तारेत ओवून मागे सरकवायची, दोन्ही टोकांना कथील लावून घ्यायचे आणि मग सोल्डरिंग गन तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायची नाही. बटणाच्या मागचे प्लास्टिक लवकर मऊ होते आणि टर्मिनल तिरके झाले की आतला संपर्क कायमचा रुसतो.

रिलेच्या बटणाने मला सर्वांत जास्त छळले. त्याचा दिवा रिलेच्या कॉइलला समांतर होता, म्हणजे कॉइल चालू तेव्हा दिवा चालू. हिशेब बरोबर होता, तरी तीन आठवड्यांत तो दिवा मंदावला, मग लुकलुकला आणि विझला. नवा बसवला, त्याचीही तीच गत झाली. कारण रेझिस्टरमध्ये नव्हतेच. बटण सोडले की कॉइल आपला प्रवाह टिकवू पाहते आणि तिच्या टोकांवर उलट्या दिशेचा मोठा दाब उसळतो. उलट दिशेने साधारण 5 व्होल्टच सोसणाऱ्या एलईडीला प्रत्येक वेळी तो तडाखा बसत होता. मग त्या उसळीला परतवाट देणारा 1एन4007 डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) कॉइलवर, त्याच्या अंगावरच्या पट्टीची बाजू प्लसकडे ठेवून, जोडला. आता पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाचही बटणांचे ओहम मार्करने लिहिलेले आहेत, आणि रिलेच्या नोंदीपुढे त्या डायोडची खूण आहे.