बीपी मोजताना चुकतं ते पट्ट्यापाशी

बाई उन्हातून चालत उपकेंद्रात येते, बाकड्यावर टेकते न टेकते तोच दंडाला पट्टा. आकडा १६० येतो आणि गोळी सुरू. हे थांबायलाच हवं. आधी पाच मिनिटं गप्प बसू द्या: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. लघवी तुंबलेली नको. चहा, तंबाखू अर्धा तास आधी बंद. मिश्रीचं वेगळं विचारा, कित्येक जणी ती तंबाखूत धरतच नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ पट्ट्याचा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडाला चालतो. जाड दंडावर तोच बांधला तर आकडा खोटाच चढतो. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून दंड आवळू नका, हात बाहीतून काढलेला बरा. पहिल्या भेटीत दोन्ही हात मोजा, पुढे जास्त आकड्याचाच हात धरा.

वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर राहिलं तर उच्च रक्तदाबाचं निदान. १८०/११० दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरच्या यंत्रावर निदानाची रेषा १३५/८५. मोजायचं असं: सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा, सात दिवस, पहिला दिवस सोडून सरासरी. वहीत १३७ आलं तर १३७च लिहा, १४० नाही.