तिसऱ्यांदाही चुकलं

नवऱ्याचं नऊ शब्दांचं वाक्य होतं. तू घरी आलीस की मी आधी तुझा चेहरा बघतो. एवढंच. जोडप्यांचं समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही, फक्त समोरचा जे बोलला ते परत म्हणून दाखवायचं.

मी म्हटलं, "मी घरी येते तेव्हा माझं तोंड वाकडं असतं."

"ते असं म्हणाले नाहीत. पुन्हा."

"मी आल्या आल्या तू माझा मूड तपासतोस."

"पुन्हा."

"म्हणजे तुला माझी भीती वाटते."

तिसऱ्यांदाही चुकलं. शाळेत पाठांतरात बक्षिसं मिळवलेली मी! आणि त्याने मात्र माझं वाक्य पहिल्याच फटक्यात, शहाण्या मुलासारखं, काना-मात्रेसकट म्हणून दाखवलं. इतका राग आला. घरी चार हाका मारल्या तरी ज्याला ऐकू येत नाही तो तिथे एकदम पोपट. मला वाटलं, दोघं मिळून मलाच तपासताहेत. रडूही आलं थोडं. आई दारात बाबांची वाट बघायची ते उगाच आठवलं. ते असू दे.

मॅडम म्हणाल्या, नाडी १०० च्या पुढे गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतच नाही. अशा वेळी भांडण थांबवून निदान २० मिनिटं वेगळं बसायचं, पण तेवढ्या वेळात मनात उत्तरं जुळवायची नाहीत. मग करायचं काय? माझी सगळी चांगली उत्तरं त्याच वेळात तयार होतात.

वर आणखी एक. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात जोडप्यांचे ६९ टक्के वाद कधीच न मिटणारे निघाले. सुखी जोडप्यांचेसुद्धा. वाद मिटवण्यापेक्षा त्याविषयी बोलत राहता येणं महत्त्वाचं, म्हणे. "मग आम्ही इथे कशाला येतोय?" दोघांच्या तोंडून एकदमच निघालं. कित्येक महिन्यांत आमचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा. मॅडमनी तो वहीत टिपून घेतला.

पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. मी तिन्ही वेळा तक्रारच का ऐकली? आणि तक्रार नव्हती, तर काय होतं ते?

परतताना शेवटी विचारलंच, "काय बघतोस रे चेहऱ्यात?"

तो गंभीरपणे म्हणाला, "मी तुझ्या चेहऱ्यात काय बघतो, असं तू विचारते आहेस."

मला हसू आलं. उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.